चिकूच्या पेटीतली भुरी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही बोर्डीतल्या एका चिकूच्या वाडीत बसला आहात. शेडमध्ये पिकल्या फळांचा गोड वास दाटला आहे. तुमच्या मांडीवर भुऱ्या केसांचा एक ऊबदार जीव कुईकुई करतो आहे. तो ज्या पेटीतून तुम्ही उचललात, ती मी. मी एक जुनी लाकडी पेटी आहे, चिकू भरायची.

पुठ्ठ्याचे खोके आले आणि माझे काम सुटले. दोन वर्षे मी शेडच्या कोपऱ्यात पडून होते. मग तुषारकाकाने मला धुतले, वर जाळी ठोकली आणि आपल्या पुतणीसाठी, प्राजक्तासाठी, दोन गिनीपिग आणले. भुरी आणि बुंदी. दिवसा दोघी ओटीवर हुंदडायच्या, रात्री माझ्यातल्या पेंढ्यावर झोपायच्या. पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडले, याचे मला फार सुख वाटले.

वाडीत लाड करायचा म्हणजे चिकू द्यायचा. काका रोज मऊ चिकू सोलून घाली. बुंदी अंगणात उतरून गवत खाई. भुरी मात्र आळशी, ती चिकूवरच राही.

एका सकाळी पेंढा बदलताना प्राजक्ता थांबली.

"काका, भुरीच्या कोपऱ्यात लेंड्याच नाहीत."

"उपास धरला असेल तिनं."

"कालचा चिकूपण तसाच आहे."

"अगं, चिकू खाऊन बोर्डीत कोणी आजारी पडलंय का?"

भुरी अंग फुगवून बसली होती. हनुवटी लाळेने भिजली होती. मला हे रात्रीच कळले होते, पण मी कुणाला हाक मारणार? प्राजक्ताने दोघींसकट मला उचलले आणि रिक्षा गाठली. काकाही मागोमाग चढला.

डहाणूला गुरांच्या डॉक्टरबाईंनी भुरीचे तोंड उघडून पाहिले.

"काय खायला घालता हिला?"

"चिकू. चांगला गोड," काका म्हणाला.

"तेच नडलं. हिचे दात जन्मभर वाढतात, गवत चावून झिजतात. चिकूत चावायचं काय? अजून एक दिवस उपाशी राहिली असती, तर हाती लागली नसती."

बाईंनी वाढलेले दात कापले. दिवसरात्र पुढ्यात गवत, रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, स्वच्छ पाणी आणि आठवड्याला एकदा वजन, असे बजावले. तीन दिवस प्राजक्ताने भुरीला पातळ खाणे सिरिंजने थेंबथेंब भरवले. चौथ्या दिवशी भुरीने आपणहून गवताची काडी ओढली. तो करकर आवाज मी फळीफळीतून ऐकला.

मित्रांनो, त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. ती रोज वाकून पाहत होती, म्हणून भुरी वाचली. तुमच्या घरी असा मुका जीव असेल, तर त्याने काय खाल्ले आणि काय टाकले, हे रोज पाहत जा.

त्या चौथ्या दिवशी संध्याकाळी काका चिकूची वाटी घेऊन दाराशी घुटमळत होता.

"मग मी आता काय देऊ तिला?"

प्राजक्ताने वाटी काढून घेतली, एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि काकाच्या हातात विळा दिला.