टाच बसली का बघा

मी बूट बोलतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, रागात बोलतोय. गोड बोलणारे बूट हवे असतील तर दुकानाच्या काचेत बघा. तिथे लाल फितीचे, चकचकीत, लाडावलेले पुष्कळ बसलेत.

मी तसला नाही. दोन इवलेसे बूट आणि दोघांना जोडणारी एक लोखंडी दांडी, असा मिळून मी एक. माझी टोकं बदकाच्या पायांसारखी बाहेर वळलेली. मला घालून कुणाला एक पाऊलही टाकता येत नाही. काही बाळं पावलं आत वळलेली घेऊन जन्माला येतात. डॉक्टर ती पावलं प्लास्टर घालून घालून सरळ करतात, आणि मग ती सरळच राहावीत म्हणून मला बांधतात. म्हणजे माझा जन्मच मुळी कुणाला तरी अडवून धरायला झाला. अशाचे लाड कोण करणार?

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. आत गेलं की चामड्याचा आणि चिकटवायच्या गोंदाचा वास नाकात बसतो. तिथल्या बुटवाल्याने मला शिवलं. पट्टे लावून झाल्यावर त्याने माझ्या दोन्ही टाचांच्या मागे एकेक गोल भोक पाडलं. मी मनात म्हटलं, झालं, नवा कोरा असतानाच भोक!

"ही खिडकी आहे," तो माझ्याकडे न बघता कुणाला तरी सांगत होता. "टाच घरात आहे की बाहेर फिरायला गेलीय, ते इथून दिसतं."

त्या खिडकीतून आयांनी बघितलं असतं, तर मला आज ओरडावं लागलं नसतं.

माझ्या वाट्याला आली ढमी. नावाप्रमाणेच गुबगुबीत, गालांत हनुवटी बुडालेली. तिची आई स्वतःच पोरसवदा. पायाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून माझे पट्टे दाखवले.

"मधला पट्टा आधी ओढायचा. घट्ट. मग मागून बघायचं, टाच खाली बसली का. ती रडेल. रडू दे. पण पट्टा सैल सोडू नकोस. पहिले तीन महिने दिवसरात्र, संध्याकाळी अंघोळीपुरता काढून परत बांधायचा. मग नुसतं झोपताना."

"हो बाई," ढमीची आई म्हणाली.

ऐकलं ते कानांनी. हातांनी नाही ऐकलं.

त्यांचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे गॅलरी. ढमीचा बाप दुधाचा टँकर चालवायचा. घरी आला की आधी झोपायचा, मग जेवायचा आणि परत जायचा. गॅलरीत सासूबाईंचं इस्त्रीचं टेबल. लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे एका बाजूने चुरगळलेले यायचे आणि दुसऱ्या बाजूने ताठ होऊन जायचे. इस्त्री फिरवता फिरवता सासूबाई बायबलातल्या देवाच्या गोष्टी सांगायच्या. नातीला सांगते म्हणायच्या, पण रोख सुनेकडे असायचा.

"मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेली ती माणसं, ढमे, चाळीस वर्षं रानावनातून चालली. पण देवाने त्यांच्या अंगावरचे कपडे फाटू दिले नाहीत, पायातल्या वहाणा झिजू दिल्या नाहीत."

"मग तुमच्यासारखीला तिथे काय काम मिळालं असतं?" सून म्हणायची.

"कपडे फाटले नाहीत म्हटलं. चुरगळले नाहीत असं कुठे म्हटलं?"

दोघी हसायच्या. मला मात्र हसू यायचं नाही. चाळीस वर्षं चालून वहाणा झिजल्या नाहीत, आणि मी? एक पाऊल न चालता माझा पट्टा महिन्याभरात उसवायला आला! का? तर ढमीची आई रोज तो ओढायची, ढमी किंचाळायची, की हिचे हात लोण्यासारखे वितळायचे. "बास बास माझी बाई, नाही हं आवळत," म्हणत ती पट्टा सोडायची, परत ओढायची, परत सोडायची, आणि शेवटी सैलच ठेवायची.

सैल बुटात टाच वर सरकते. वर सरकलेली टाच घासते. घासली की फोड येतो. ढमीच्या टाचेवर तांबडालाल फोड आला आणि घरात एकच गलका झाला.

"या मेल्या बुटाने माझ्या पोरीची टाच सोलली!"

मेल्या बुटाने! अगं, मागे एवढी खिडकी दिलीय. एकदा डोकावून बघशील तर शपथ! दया म्हणून तू पट्टा सैल सोडलास आणि पाप माझ्या माथी! तोंड असतं तर त्याच दिवशी चावलो असतो.

त्यात आली हालेलुया मावशी. ती खालच्या मजल्यावर राहायची. दार उघडायच्या आधीच तिचं हालेलुया आत यायचं, म्हणून अख्ख्या इमारतीने तिला हे नाव दिलेलं. मनाने वाईट नव्हती. कुणाकडे दुखणं निघालं की डबा घेऊन पहिली हजर व्हायची. पण त्या दिवशी तिने ढमीचा फोड बघितला आणि गळाच काढला.

"अगं, बेड्या घातल्यात का लेकराला? ज्या देवाने समुद्राचे दोन भाग केले, त्याला एवढासा पाय जड आहे का? तुझा विश्वास आहे ना त्याच्यावर?"

"आहे ना, मावशी."

"मग हे लोखंड कशाला? काढ ते. प्रार्थना करू. बघ, तो सांभाळतो की नाही."

सासूबाई गठ्ठा पोचवायला बाहेर गेलेल्या. ढमीच्या आईला तर कुणीतरी असं म्हणावं हेच हवं होतं. तिने भराभर पट्टे सोडले. दोघींनी डोळे मिटून ढमीच्या पायांवर हात ठेवले. आणि मी कुठे? पलंगाखाली. तुटक्या छत्रीच्या आणि रिकाम्या बरणीच्या शेजारी.

सासूबाई आल्यावर सुनेने सांगितलं, "फोड सुकेपर्यंतच काढलेत, आई." त्यांनी इस्त्री खाली ठेवली, सुनेकडे बघितलं, परत उचलली. म्हणाल्या काही नाहीत. तोही राग आहेच माझ्या मनात. इतर वेळी तोंडाचा पट्टा चालतो, आणि नेमकं तेव्हाच तोंडाला कुलूप!

फोड सुकला. मला कुणी बाहेर काढलं नाही. वर पलंगावर ढमी पाय वेगवेगळे झाडत खिदळायची. आई गाणी म्हणायची. "बघा ना आई, किती छान झोपते आता," असं रोज. खाली माझ्या अंगावर धूळ बसत होती, आणि मला ठाऊक होतं वर काय चाललंय. मधून मधून एक पाय पलंगाच्या कडेवरून लोंबायचा. तो मला दिसायचा. जरासा आत. मग आणखी जरासा.

एके दुपारी सासूबाई ढमीला पायमोजे चढवत होत्या. डावा मोजा चढेना. त्या थांबल्या. त्यांनी पाऊल तळहातावर घेतलं, खिडकीपाशी नेलं.

"सूनबाई, इकडे ये."

"काय झालं?"

"पाय मागे फिरला."

ढमीच्या आईने बघितलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला खालून दिसलं नाही. दिसले ते तिचे गुडघे. ते धपकन जमिनीवर टेकले, हात पलंगाखाली आला, माझी दांडी धरून तिने मला ओढून काढलं आणि समोरच्या भिंतीवर असं आपटलं की भिंतीचा पोपडा निघाला.

"सरळ केलास तरी कशाला?" ती ओरडली. माझ्यावर नव्हे, वर बघून. "तेवढी प्लास्टरं, तेवढं रडणं, आणि सरळ करून परत वाकडाच करायचा होता? आम्ही हात जोडून बसलो होतो ना तुझ्यापुढे? कुठे होतास तू?"

सासूबाईंनी इस्त्रीचा खटका बंद केला. मला वाटलं, आता हिला दरडावणार, देवाला असं बोलू नये म्हणणार.

"बोल," त्या म्हणाल्या. "अजून काय असेल तर बोलून घे. ती मिसरातली माणसंही वाटभर हेच बोलत होती. पाणी नाही म्हणून भांडली. आभाळातून पडलेला मान्ना खायला मिळाला तर त्याचाही कंटाळा आला, म्हणाली, मिसरातल्या काकड्या बऱ्या होत्या. सुटून आली होती खरी, पण मन मागेच पळत होतं. आपल्या ढमीच्या पायासारखंच."

"मग देवाने सोडलं का त्यांना?"

"रागावला. चांगलं फैलावर घेतलं त्यांना. पण सकाळ झाली की मान्ना पडायचाच. कुरकुर करणाऱ्याच्या तंबूपुढेसुद्धा."

"आमच्याकडे नाही पडला."

सासूबाई उठल्या. त्यांनी मला भिंतीपाशी जाऊन उचललं, पदराने पुसलं आणि सुनेच्या मांडीत ठेवलं.

"हा काय आहे मग? मान्ना पडायचा तो जमिनीवर, बाई. कुणाच्या तोंडात नाही पडला. रोज सकाळी बाहेर जाऊन, वाकून वेचावा लागायचा, आणि आजचा उद्याला पुरायचा नाही. जो वाकला त्याचा काय विश्वास नव्हता? देवाने डॉक्टरीण दिली, बूट दिला. तो बांधायला तो स्वतः जिना चढून येणार आहे का?"

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" सून रडत ओरडली.

सासूबाईंनी ढमीच्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मलाही तिचं रडणं बघवत नव्हतं."

घ्या! म्हणजे घरात दोघींची मनं मऊ, आणि भोगायचं कुणी? त्या एवढ्याशा पावलाने. प्रेम करायचं तर डोळे उघडे ठेवून करा ना!

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, मला उलटंपालटं करून बघितलं. माझ्या मधल्या पट्ट्यावर सगळ्यात सैल भोकापाशीच घडी पडलेली होती.

"फोड बुटाने नाही केला. सैल पट्ट्याने केला," त्या म्हणाल्या. "घट्ट धरलेली टाच घासत नाही."

ढमीच्या आईने खाली मान घातली. परत प्लास्टर, परत रडारड. बुटवाल्याने माझा उसवलेला पट्टा बदलला. मी अजून तिच्या मापाचा होतो, एवढं नशीब. प्लास्टर निघाल्यावर तिथेच, त्याच बाकावर, ढमीच्या आईने मला बांधलं. दात-ओठ खाऊन. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडाने देवाशी भांडण चालूच. "ओढते, घे, ओढते. पण या वेळी तूही धरून ठेव, सांगून ठेवते." मधला पट्टा ओढला. मग ती वाकली आणि पहिल्यांदा माझ्या खिडकीतून आत बघितलं.

टाच खाली बसली होती.

घरी हालेलुया मावशी जिन्यातच भेटली. मला बघून तिचा चेहरा पडला. "परत बांधलंस? विश्वास कमी पडला गं आपला."

"विश्वास नाही, मावशी, पट्टा कमी पडला," ढमीची आई म्हणाली. आणि पुढे, "तुम्हाला प्रार्थना करायचीच असेल तर संध्याकाळी या. पण डोळे मिटून नाही चालणार. ती पाय झाडते. गुडघे धरायला माणूस लागतं."

मावशीला राग आला. तो तिच्या पावलांच्या आवाजावरून कळला. पण संध्याकाळी आली. तिने ढमीचे दोन्ही गुडघे धरले आणि डोळे उघडे ठेवून, मोठमोठ्याने प्रार्थना म्हटली. एवढ्या जवळून एवढा आवाज ऐकून ढमी रडायचीच विसरली. त्यानंतर मावशी रोज येऊ लागली.

मी काही देवाचा जाणकार नाही. मी चामडं आहे. माझी तक्रार अजून आहेच, की समुद्र दुभंगणाऱ्याने एका दमात हा पाय सरळ का केला नाही? कुणी उत्तर दिलेलं नाही. पण देवाचा विश्वासूपणा म्हणतात तो मी पाहिला असेल, तर तो असा: संध्याकाळ झाली की हात यायचे. थकलेले, भाजलेले, साबणाचे, कधी टँकरच्या डिझेलचे. रागावलेलेही. पण यायचे. आणि पुढच्या संध्याकाळीही यायचे.

माझ्यानंतर ढमीला मोठे बूट आले, त्यानंतर आणखी मोठे. मी इस्त्रीच्या टेबलाजवळच्या खिळ्यावर लटकत राहिलो. तिथूनच मी तिला पहिल्यांदा चालताना ऐकलं. आधी टाच, मग बोटं. धप, धप. दोन्ही टाचा. सासूबाईंच्या हातातला शर्ट त्या दिवशी जळला. मी मात्र रडलो नाही. बुटाने ओलं होऊ नये.

आज ढमीच्या आईने मला खिळ्यावरून काढलं, पुसलं आणि हॉस्पिटलात परत आणलं. बुटवाल्याने नवे पट्टे लावले. समोर बाकावर एक नवी आई बसलीय. मांडीवर रडून लाल झालेलं बाळ, तिचे स्वतःचे डोळे सुजलेले. माझ्याकडे असं बघतेय, जसा मीच तिच्या बाळाचा पाय वाकडा केला.

बघ बाई, खुशाल बघ. मला शिव्या घाल, भिंतीवर आपट, मला सवय आहे. देवाशी भांडायचं तर तेही भांड, तो पळून जात नाही. रात्री रड. पण संध्याकाळी बांध. रागाने बांध, पण बांध. कालचं बांधलेलं आज चालत नाही.

मधला पट्टा आधी. घट्ट. आणि मग वाक, माझ्या मागच्या खिडकीतून बघ.

बसली का टाच?