चकचकीत प्लग

माझ्या हातांना थांबणं माहीत नाही. नवरा म्हणतो, तुझे हात तुझ्या डोक्याच्या कोसभर पुढे चालतात. तो स्वतः इतका थंड, की गॅरेजला आग लागली तरी आधी कुठल्या कोपऱ्यातून लागली ते बघत उभा राहील. गॅरेज दोघांचं आहे, त्यामुळे भांडणंही निम्मी निम्मी. त्या दिवशी सकाळी आत्याची ठमी दारात येऊन खोकली, तेव्हा आमचं एक भांडण अर्ध्यावर आलंच होतं.

ठमी म्हणजे आत्याची गाडी. आतोबांनी हौसेने घेतलेली आणि त्याहून हौसेने जपलेली. ते होते तोवर आत्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ते गेल्यावर, साठी उलटल्यावर, ती माझ्याकडून गाडी शिकली. तेव्हापासून दर आठवड्याला एकटी टेकडीपलीकडच्या धाकट्या बहिणीकडे जाते. टेकडीवरून नाही, खालच्या लांबच्या सपाट रस्त्याने, दुसऱ्या गियरमध्ये, मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लावून. "इंजिन ताणायचं नाही," असं आतोबा सांगून गेले होते ना!

"पोरी, आज धूर-तपासणी आहे," आत्या उतरता उतरताच म्हणाली. "एकदा नापास झालेय. आज पुन्हा झाले तर ठमी भंगारात. तुझा आतेभाऊ म्हणतो, बरंच होईल, आता घरात बस. सोफ्यावर ठेवणार मला, कुंडीसारखी. पाणी घालतील, हलवणार नाहीत."

ती हे हसत बोलली, पण किल्ली काही माझ्या हातात देईना. आत्याला कुंडी करतात म्हणजे काय!

धूर काळाकुट्ट होता. "कार्बन!" मी जाहीर केलं. हळूहळू चालवल्याने इंजिन कधी नीट तापतच नाही, मग आत काजळीचे थर बसतात. त्यावर माझ्या बाबांची एक जुनी युक्ती आहे. इंजिन तापवायचं, वेग वाढवून धरायचा आणि हवा ओढणाऱ्या नळीतून त्याला पाणी पाजायचं, पण थेंबाथेंबाने. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं की करपलेलं सुटतं ना, तसा आतला कार्बन वाफेने सुटतो. घाईत जास्त पाणी गेलं तर मात्र इंजिनचा दांडाच वाकतो.

"आधी प्लग काढून बघू," नवरा म्हणाला.

"बघत बस तू. संध्याकाळी तपासणीवाले शटर बंद करतात."

मी बाटली टांगली, बारीक नळी जोडली आणि आत्याला ॲक्सिलरेटरवर बसवलं. आधी नुसती फुरफुर झाली. मग सायलेन्सरमधून जो काळा लोट सुटला, तो समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला! काजळीचे कपटे उडत होते, ठमी गुरगुरत होती, आत्या टाळ्या पिटत होती. "पाय काढू नकोस!" मी ओरडले आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याच्या जागी दुसरा असता तर घरी निघून गेला असता.

लोट विरळ झाला. मी पाण्याची नळी काढली. मागे आता पांढरी वाफ तेवढी येत होती. ती बंद होईल म्हणून आम्ही थांबलो. ती येतच राहिली.

नवऱ्याने खुंटीवरची बाटली काढून माझ्यासमोर धरली. "हिचं पाणी केव्हाच बंद केलंस. मग ही वाफ कुठून येतेय?"

"राहिलं असेल आत थोडं."

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला आणि प्लग काढायला लागला, चार सिलिंडरना ठिणगी देणारे चार. तीन प्लग तव्याच्या बुडासारखे. चौथा मात्र असा चकचकीत, की नुकताच खोक्यातून काढला असावा. मी तो उचलून नाचवला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघ कसा साफ झालाय!"

"पाणी चौघांनी एकाच नळीतून प्यायलं," नवरा शांतपणे म्हणाला. "मग हा एकटाच कसा अंघोळ करून आला?"

माझा हात हवेतच राहिला. मूर्ख! जो सगळ्यात निरोगी म्हणून मी मिरवत होते, तोच आजारी होता. माझं पाणी त्याने घटकाभर प्यायलं असेल. त्याआधी तो कितीतरी दिवस दुसरंच पाणी पीत होता, आतल्या आत, गुपचूप.

"आत्या, रेडिएटरमध्ये पाणी घालतेस?"

"घालते की. रोज सकाळी तांब्याभर लागतंच तिला." आत्याच्या चेहऱ्यावर लेकराच्या खाण्याचं कौतुक सांगणाऱ्या आईचा आनंद होता. "आधी कमी प्यायची. खाली कुठे थेंब सांडत नाही, तेव्हा म्हटलं, अंगी लागतंय."

नवरा चक्क हसला. मीही हसले, पण क्षणभरच. वरचं झाकणासारखं हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं गॅसकेट, म्हणजे पाणी आणि आग यांना वेगळं ठेवणारा तो पातळसा पत्रा, फाटला होता. हेड उतरवल्याशिवाय सुटका नव्हती. असं काम आम्ही दोन दिवस घेऊन करतो.

"आज होईल?" आत्याने विचारलं. आता ती हसत नव्हती.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "हिचे हात असतील तर होईल," तो म्हणाला. लग्नानंतर इतकं गोड तो पहिल्यांदाच बोलला असेल.

मग जी धांदल उडाली! तो मोटरसायकल काढून गॅसकेट आणायला पळाला. मी बोल्ट सोडत गेले. आत्या पदर खोचून ते रॉकेलमध्ये धुवून जुन्या चादरीवर ओळीने मांडत गेली. हेड उचललं, तर तीन पिस्टन काळे आणि चौथा नव्या भांड्यासारखा. मी बाकीच्या तिघांचा कार्बन खरवडला. नवरा आला, त्याने पोलादी पट्टी आडवी-तिरपी धरून हेड सपाट असल्याची खात्री केली. नवं गॅसकेट बसलं. बोल्ट आवळायची वेळ आली, तेव्हा मात्र माझे हात त्याच्या तोंडाकडे बघत थांबले. "मधून बाहेर," तो म्हणाला. "थोडं थोडं." थोडं थोडं आवळताना माझा जीव जात होता, पण आवळलं.

ठमी एका किल्लीत सुरू झाली. पांढरी वाफ नाही! तापल्यावरही नाही! मी नवऱ्याला ग्रीसच्या हातांनीच मिठी मारली.

"सायलेन्सरमध्ये अजून काजळी आहे," मिठीतूनच तो म्हणाला. "तपासणीत पहिली तीच बाहेर येईल. टेकडीवरून जा, जोरात."

"मी नाही चालवणार वरून," आत्या म्हणाली. "हे म्हणायचे—"

"आतोबा प्रेमाने म्हणायचे," मी तिला चालकाच्या जागेवर बसवत म्हटलं. "पण जपून जपूनच घुसमटलीय ती. दाब!"

चढ सुरू झाला. आत्याने तोंड घट्ट मिटलं आणि पाय दाबला. आधी भीतभीत, मग सगळा. तिसरा गियर! मागे काळा फुगा फुटला, मग करडा, मग काहीच नाही. वळणांवर माझा जीव दाराच्या कडीत होता आणि आत्या ओरडत होती, "अगं, ही पळते! अगं, हिला पळता येतं!" मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

तपासणीवाला शटरला हात घालून उभा होता. कुरकुरत त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली. आत्याने त्याने सांगितलं त्याहून जास्तच ॲक्सिलरेटर दाबला. त्याने यंत्राचा पडदा बघितला, पुन्हा बघितला. "पास," तो म्हणाला. "सोडा आता तो पाय, बाई!"

तेवढ्यात आतेभावाचा फोन आला. "आई, न्यायला येऊ का?"

"नको. मी मावशीकडे जाऊन येते," आत्या म्हणाली. "वरच्या रस्त्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. आवाज पडलेला. मला धडकीच भरली.

"तांब्या घेऊन आलेय ठमीजवळ," ती म्हणाली. "रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे. थेंबभरसुद्धा प्यायली नाही गं. हे गेल्यापासून मी सकाळी उठून हिला पाणी पाजायचे, चार गोष्टी बोलायचे. आता काय करू?"

मी म्हटलं, "आत्या, ते पाणी तू पी. आणि किल्ली लाव."

पलीकडून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि ठमी एका झटक्यात सुरू झाली.