देवचाराची पाखाडी

मित्रांनो, मी एक जुनी पाखाडी आहे. पाखाडी म्हणजे चढणीवरची दगडी पायऱ्यांची वाट. खाडीकाठच्या वाडीतल्या माणसांनी जांभ्याचे चिरे डोक्यावरून वाहून मला बांधले. तेव्हापासून कट्टा गावच्या बाजाराला जाणारी सारी वाडी माझ्यावरूनच ये-जा करी.

माझ्या मधल्या वळणावर सातविणीच्या झाडाखाली देवचाराचे ठाणे आहे. देवचार हा वाटेचा राखणदार. चुकलेल्या माणसाला तो हात धरून घरी पोचवतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दरवर्षी तिथे नव्या वहाणा ठेवायच्या. ही गोष्ट मुलांना सांगावी ती मासे विकणाऱ्या यमुनाबाईनेच! १९९८ साली खालून डांबरी रस्ता झाला आणि सगळे मला विसरले. यमुनाबाई मात्र पाटी घेऊन रोज माझ्यावरूनच जाई, कारण लांबच्या रस्त्याने मासे नरम पडत. माझ्यावर माजलेले रान ती स्वतः कोयतीने तोडी. तिच्याच जिवावर मी तग धरून होते.

२००६ साली शेजारची बाग शहरातल्या एका माणसाने घेतली. त्याला मलाही कुंपणात घ्यायचे होते. लोकांची वहिवाट असलेली वाट अशी बंद करता येत नाही, म्हणून तलाठी चौकशीला आले.

"आजी, या वाटेने कोणी जाते का?" त्यांनी यमुनाबाईला विचारले.

मी अगदी निर्धास्त होते.

"नाय हो भाऊसाहेब, कोणच जाणा नाय. हयसर देवचार आसा. माणसांका धरता तो!"

तिच्या मुलाला, गंगारामला, त्या बागेत राखणीची नोकरी कबूल झाली होती, हे मला मागाहून कळले. पोटासाठी ती खोटे बोलली, तेवढे मी गिळले असते. पण ज्याने माणसे घरी पोचवली, त्यालाच तिने माणसे धरणारा केले. ते मला फार लागले.

भिंत उभी राहिली, फाटक बसले. आठवड्याभरातच यमुनाबाई पाटी घेऊन फाटकाशी आली.

"गंगारामा, जाऊक दी रे. मासे खराब होतले."

"आये, मालक माका काढून टाकतलो. आणि हयसून कोण जाणा नाय म्हणान तूच सांगलंस मां?"

ती पाटी सावरून डांबरी रस्त्याने निघाली. मला तिची दया आली नाही, खोटे कशाला सांगू!

मित्रांनो, मला फुले नकोत, डागडुजीही नको. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वाटेबद्दल कोणी विचारलेच, तर "मी जातो" एवढे तरी खरे सांगा.