देवाचा डोळा आणि पुतळीचं बोट

साखरशेतात लक्ष्याच्या अंगणात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं पेंढ्याच्या ढिगावर चढलेली, बायका ओट्याला टेकलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे ओट्याच्या खांबावरच्या एका पांढऱ्या डब्याला चिकटलेले. डबा वायफायचा. त्याच्या कपाळावर हिरवा दिवा. डब्याला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ, आणि उदबत्त्यांचा धूर असा की डब्याला नाक असतं तर शिंकून शिंकून खाली पडला असता.

समोर मांडी घालून लहरीबुवा बसले होते. दोन्ही हात वर, तळवे उघडे.

"देखो रे, बघा! हातात काय हाय माझ्या? कायच नाय! आकाशात लहरी फिरतात, लहरींवर देव फिरतो. सॅटेलाइट म्हणजे काय? देवाचं आसन! फोर जी झालं, फाइव्ह जी झालं, त्याच्यावर असतं ब्रह्म जी!"

"ब्रह्म जी!" म्हणत सोम्यानं हात जोडले. हा सोम्या गेल्याच महिन्यात फोनचा रिचार्ज संपला म्हणून कंपनीला शिव्या घालत होता.

"हा दिवा नाय, देवाचा डोळा हाय. मी नावं घेतो. माणूस चांगला असला तर डोळा उघडा राहील. ज्याच्या अंगाला छाया, त्याचं नाव कानावर पडलं की देव डोळा मिटणार!"

मग नावं सुरू झाली. एक नाव, त्याच्यामागं लांबलचक मंत्र, मग दुसरं नाव. सोम्या, नवशी, येसू. डोळा उघडाच. लक्ष्याची बायको लाडकी पुढंच बसली होती, बुवाच्या झोळीला खेटून. तिचा गुडघा दोन महिने भोपळ्यासारखा सुजला होता. तिच्या नावाला डोळा उघडा राहिला तेव्हा ती हमसून हमसून रडली.

"पुतळी!" बुवा ओरडले.

पुतळी मागं कुडापाशी उभी होती. लक्ष्याच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. एकटीनं नाचणी पिकवणारी, एकटीनं मुलीला शिकवणारी, आणि तोंडानं जरा फटकळ. बुवांचा मंत्र सुरू झाला, लांबला, आणखी लांबला. देवाला सही करायला कुणाची तरी वाट बघावी लागतेय की काय, असं पुतळीच्या मनात आलं.

आणि दिवा विझला.

अंगणात एकच कालवा उठला. कुणीतरी पळत पुतळीच्या घरात जाऊन आलं. तिथल्या डब्याचाही डोळा मिटलेला! बुवांनी खांबावरच्या डब्यावर पाणी शिंपडलं, तो उघडला. पुतळीच्या घरातला मात्र मिटलेलाच राहिला.

"मी कुणाला काय म्हणत नाय," बुवा हळू आवाजात म्हणाले. तो एक शब्द ते स्वतः कधीच उच्चारत नसत. कायदा त्यांना चांगला ठाऊक होता. तो शब्द उच्चारायला गर्दी होती. "भुताळी!" बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, आणि लाडकीनं सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून पुतळीकडं असं पाहिलं की पुतळीच्या अंगावर काटा आला.

निकाल झाला. पुढच्या रविवारपर्यंत पुतळीनं घर सोडायचं. मुलीकडं मोखाड्याला जावं, नाहीतर कुठंही. त्या जागेवर बुवा आसन मांडणार. शिरपामाळ बघायला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या पुतळीच्या दारावरूनच जात, ही गोष्ट बुवांच्या ब्रह्म जीला बरोबर कळली होती बघा!

"आणि ऐका," जाता जाता बुवा म्हणाले, "मिटलेल्या डोळ्याजवळ कुणी फोन लावायचा नाय. लहर उलटी फिरते. माणूस रक्त ओकतो."

आता हे डबे आले कुठून? साखरशेतातला तो पाडा खोलगट जागेत, तिथं मोबाइलला रेंज म्हणून नाही. लक्ष्याचा मुलगा तुषार ठाण्याला गोदामात कामाला. आईबापाचं तोंड दिसावं म्हणून त्यानं तारेवरचं नेट घेतलं आणि एकच नेट सगळ्या घरांत पसरवणारे तीन डबे पाठवले: एक लक्ष्याच्या ओट्यावर, एक गोठ्यावर, एक काकूच्या म्हणजे पुतळीच्या घरात. ते बसवायला जव्हारचा मुकेश आला होता. "सगळं ॲपवर चालतं," तो म्हणाला होता, "ॲप माझ्या फोनमधी राहू दे. तुम्हाला कशाला डोक्याला ताप?" लक्ष्यानं त्याला चहा पाजला, वर कोंबडीही दिली. पुढं तोच मुकेश एके दिवशी लहरीबुवांना पाड्यावर घेऊन आला, आणि तेव्हाही लक्ष्यानं चहाच पाजला.

त्या आठवड्यात पुतळीला विहिरीवर कुणी येऊ देईना. ती दिसली की नवशी नातवाला पदराखाली घेई. ह्याच नातवाच्या जन्मावेळी पुतळी रात्रभर नवशीच्या सुनेचा हात धरून बसली होती.

"वहिनी, गुपचूप निघून जा," लक्ष्या येऊन म्हणाला. तो तिच्याकडं बघतही नव्हता. "लोक भडकले तर मी काय करू?"

"माझ्या नवऱ्यानं बांधलेलं घर हाय हे. मी नाय जात."

"देवानं डोळा मिटला, वहिनी!"

"मग देवाला सांग, मला बघायचं नसलं तर त्यानं दुसरीकडं तोंड करावं. घर मी सोडणार नाय."

तो गेला आणि पुतळी आत येऊन बसली. समोर मेलेला दिवा. तिचा राग मस्तकात गेला. रक्त ओकायचं तर ओकू एकदाचं, असं म्हणून तिनं फोन उचलला आणि मोखाड्याला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या योगिताला व्हिडिओ कॉल लावला.

लागला की! योगिताचा चेहरा लख्ख दिसला.

"आये, काय झालं? रडतेस का?"

"थांब जरा," पुतळी म्हणाली. तिनं फोन डब्याकडं फिरवला. "ह्याचा दिवा गेलाय बघ. देवानं डोळा मिटलाय म्हणतात. मग तू कशी दिसतेस मला?"

योगिता आधी हसली, पण सगळं ऐकल्यावर तिच्या हसण्याचा मागमूस राहिला नाही. शनिवारी शाळा सुटल्याबरोबर ती घरी हजर झाली.

"आये, नेट चालू हाय. नुसता दिवा बंद केलाय कुणीतरी," ती डबा हातात घेऊन म्हणाली. "रात्री झोपताना दिवा डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो बंद करायची सोय असते. मुकेश ते ॲपमधून करतो. तो जव्हारला बसून बटण दाबतो, हुकूम इंटरनेटवरून इथं येतो."

"मग आपण काय करायचं? ॲप तर त्याच्याकडं."

"डब्याला दोन दारं असतात. ॲपचं दार मुकेशनं स्वतःच्या नावानं कुलूप लावून ठेवलंय. पण ह्याला एक जुनं दार हाय, ब्राउझरचं. आपण बातम्या वाचायला, निकाल बघायला ब्राउझर उघडतो ना, त्यातच ह्या डब्याचा पत्ता टाकायचा. डबा स्वतःच्या पोटातलं पान उघडून दाखवतो. त्याला बाहेरचं इंटरनेटही लागत नाय."

"आणि कुलूप?"

योगितानं डबा उलटा केला. खाली कारखान्याची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर पासवर्ड छापलेला. "मुकेशनं सगळं ॲपवर भागवलं. हे दार त्याच्या गावीही नाय, म्हणून त्यानं हा पासवर्ड बदललाच नाय."

पुतळीच्या फोनवर पान उघडलं. तीन डबे दिसले, प्रत्येकापुढं बल्बचं चित्र. "दाब तू," योगिता म्हणाली.

पुतळीनं बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला. तिनं पुन्हा दाबलं, विझला. पुन्हा लागला. तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "एवढ्या बल्बसाठी ह्या बाया मला पाण्यावर येऊ देत नव्हत्या?"

"आत्ताच पोलिसांकडं जाऊ, आये. कुणाला भुताळी ठरवणं हा गुन्हा हाय. कायदा हाय त्याला."

"जाऊ. सोडणार नाय मी. पण आधी उद्या अंगणात. नुसते पोलीस आणले तर लोक म्हणतील, भुताळी ती भुताळी, पोलिसांनी वाचवली. माझ्यावरचं बालंट ज्या अंगणात आलं, तिथंच ते गेलं पाहिजे."

रविवारी अंगण पुन्हा फुललं. बुवांनी नवं उपरणं घातलं होतं, आजपासून घर मिळणार होतं ना! लाडकी झोळीपाशी बसली. पुतळी आली आणि मागं न थांबता थेट पुढं येऊन बसली, फोन उघडा हातात धरून. योगिता भिंतीपाशी उभी राहिली.

"बुवा, घे माझं नाव," पुतळी म्हणाली. "मोठ्यानं घे."

"पुतळी!" मंत्र सुरू झाला. पुरेसा लांबला, आणि खांबावरचा दिवा विझला. गर्दी शहारली.

पुतळीनं बोट टेकवलं. दिवा लागला.

बुवांनी एक डोळा किलकिला केला. पुन्हा नाव, पुन्हा मंत्र, दिवा विझला. पुतळीचं बोट, दिवा लागला. विझला, लागला. पेंढ्यावरची पोरं खिदळायला लागली. बुवांच्या कपाळावर घाम आला, मंत्राचा वेग वाढला, मधेच त्यांनी त्यात दोन ओळी हनुमानाच्या आरतीच्या घुसडल्या.

"गप्प बसा सगळे!" अचानक लाडकी ओरडली. "झोळीत कोण बोलतंय?"

अंगण चिडीचूप झालं. आणि झोळीतून बारीक आवाज आला, "बुवा, मी बंद करतोय, कोणतरी परत चालू करतंय! बुवा, आता काय करू?"

लाडकीनं झोळीत हात घालून फोन बाहेर काढला. कॉल चालू होता. पडद्यावर मुकेशचा फोटो, गॉगल लावलेला.

"हा... हा देवदूताचा..." बुवांची बोबडी वळली.

"योगिता, काढ तार," पुतळी म्हणाली. योगितानं भिंतीतून येणारी नेटची तार डब्यातून उपसली. बुवांचा फोन लाडकीच्या हातात टुंग टुंग करून गप्प झाला. "घे बुवा, आता घे माझं नाव. बघू देवाला ऐकू येतं का."

बुवांनी नाव घेतलं. मंत्र म्हटला. अख्खं अंगण दिव्याकडं बघत राहिलं. दिव्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. मुकेशचं ॲप तिकडं जव्हारला कितीही ठोठावो, इकडची वाटच बंद झाली होती.

पुतळी उठून उभी राहिली. "आता मी नावं घेते. मला मंत्र लागत नाय. लक्ष्या!" तिनं बोट दाबलं. दिवा विझला. "सोम्या!" लावला, विझवला. "येसू! नवशी!" प्रत्येक नावाला दिवा विझत होता. "आता कोण कोण घर सोडतंय, बोला!"

माणसं एकमेकांच्या आड सरकायला लागली.

"लाडकी!"

"नको ना, बाई, नको!" लाडकी किंचाळली. दिवा विझला होता.

"घाबरलीस? एका नावाला घाबरलीस. मी आठवडाभर ह्या भीतीत निजलेय. ये इकडं. तूच लाव तो."

लाडकीनं बोट टेकवलं. दिवा लागला. ती आपल्या बोटाकडं बघत राहिली.

"आणि आता शेवटचं," पुतळी म्हणाली. तिनं हात उंच केला, बोटं सगळ्यांना दिसतील अशी. "पुतळी!"

दिवा तसाच जळत राहिला. कारण त्याला कुणी विझवलं नव्हतं.

"मी तो शब्द कधी बोललोच नाय," बुवा झोळी आवरत पुटपुटले.

"नाय बोललास. तू ह्यांच्या तोंडून बोलवलास." पुतळी गर्दीकडं वळली. "आणि तुम्ही बोललात. त्यानं हात वर केले, तुम्ही ते रिकामे बघितले, पण झोळी कुणी बघितली? बटण दाबणारा कुठं बसलाय, हे कुणी विचारलं? देवाचं नाव घेऊन माणसाला घराबाहेर काढायला सांगणारा आला, की आधी त्याची झोळी उघडा. दिवा विझला तर का विझला ते शोधा. बाईवर बोट नका दाखवू."

बुवा निसटायला बघत होते, पण वाटेत सोम्या उभा राहिला. ब्रह्म जीला हात जोडणारे आता चांगलेच चिडले होते. "त्याला हात लावू नका," योगिता म्हणाली. "उद्या जव्हारला तक्रार देऊ. हा आणि तो गॉगलवाला, दोघांचीही."

संध्याकाळी मायलेकींनी ब्राउझरच्या पानावर पासवर्ड बदलला आणि मुकेशचं खातं काढून टाकलं. दारात लक्ष्या आला. मान खाली.

"वहिनी, झालं गेलं विसर."

"विसरणार नाय," पुतळी म्हणाली. "आणि तूही विसरू नको. उद्या सकाळी जीप सांग. मी पोलिसांत जाणार, आणि लाडकीला दवाखान्यात नेणार. तिच्या गुडघ्यात पाणी झालंय, ते डॉक्टर काढेल. भुताळी काय काढणार?"

सकाळी जीपमध्ये लाडकी स्वतःहून पुतळीच्या शेजारी बसली. साक्ष द्यायची म्हणून बुवाचा फोन तिनं पदरात घट्ट बांधून घेतला होता.