ड्रायव्हरशेजारची जागा

बेंबळीच्या त्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बाईमाणूस कधी बसलं नाही. असा नियम कुणी केला नव्हता, पण मोडायची कुणाची बिशाद! गाडी चालवायचे बिभीषण. शेजारी त्यांचे थोरले भाऊ वैजनाथ. जीप त्यांनीच आणलेली, धाकट्याला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलेलं. मागं बिभीषणांची बायको सिताबाई, थोरली जाऊ द्वारकाबाई आणि गठुडी. लग्न होऊन आल्यापासून सिताबाईंना गाडीतून नवऱ्याची मान तेवढी दिसायची. मान बरी होती हो, पण मानेशी बोलायचं तरी किती?

मग लेकीनं, वर्षाराणीनं, दोघांना न्यूझीलंडला नेलं. एके दिवशी कामावर जाताना तिनं किल्ली बापाच्या हातात ठेवली. "बाबा, तुमचं लायसन इथं चालतंय. गाड्याबी डावीकडूनच. आईला समुद्र दाखवून आणा."

सिताबाई सवयीनं मागं बसल्या. पहिल्याच चौकात बिभीषणांना दरदरून घाम फुटला. मधोमध गोल, चहूकडून गाड्या, अन् हॉर्न म्हणून कुणी वाजवीना!

"अहो, उजवीकडनं आली!" सिताबाई मागून ओरडल्या.

"काय?"

"गेली!"

बिभीषणांनी गाडी कडेला घेतली. "पुढं ये बरं. मागचं काय ऐकू येत न्हाय."

"म्या? पुढं?"

"मग काय टपावर बसतीस?"

त्या पुढं आल्या. अगं बाई, रस्ता असा अंगावर येतो होय! गोल आला की दोघं श्वास धरायचे, सुटला की हसायचे. समुद्र येईस्तोवर बिभीषण जेवढं बोलले, तेवढं उभ्या संसारात बोलले नव्हते. पहिल्या दिवाळीला तुला माहेराहून आणताना आरशात तुझा रडका चेहरा बघत होतो, म्हणून गाडी खड्ड्यात गेली, हे त्यांनी आत्ता सांगितलं! सिताबाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं हा माणूस कुठं होता, असं त्यांना वाटलं.

बेंबळीला परत आल्यावरही भाकऱ्या थापताना तो रस्ता डोळ्यांपुढं यायचा आणि जीव हुरहुरायचा. ती जागा पुन्हा मिळंल का, एवढंच मनात. पण विचारणार कुणाला? या वयात शोभतं का!

अशात तेरखेड्याचं लग्न निघालं. जीप दारात लागली. वैजनाथ धोतर सावरत पुढच्या दाराशी उभे. सिताबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं भावाकडं. थोरल्या भावाला मागं बसा म्हणणार तरी कसं? सिताबाई मागं चढल्या. राग आला, लई आला. जीपचा, न्यूझीलंडचा, सगळ्यांचाच.

तेवढ्यात बिभीषण खाली उतरले. "दादा, आज तुमी चालवा. माझी कंबर धरलीय." आणि सरळ मागं येऊन सिताबाईंशेजारी घुसले.

"कंबर धरलीय म्हणं, आन् मागं आदळून घ्यायला आले!" द्वारकाबाई म्हणाल्या. "भावजी, हितं जागा कुठंय?"

"सरका की, वैनी."

सरकायला होतं कुठं! वैजनाथ वळसा घालून स्टेअरिंगवर जाऊन बसले. त्यांच्या शेजारची जागा मोकळी. सिताबाईंनी तिकडं पाहिलं, मग जावेकडं.

"अक्का, तुमी जावा पुढं."

द्वारकाबाईंनी मांडीवरचं गठुडं जावेकडं दिलं. मग उतरल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. वैजनाथांनी आतून दार उघडलं, आणि रुमालानं ती जागा पुसून दिली.