गुलाबाचं प्लास्टिक आणि बस्तरचा साग

पीव्हीसी हा जगातला सर्वांत निर्मोही पदार्थ होय. तो कोणाचं काही घेत नाही, कोणाला काही देत नाही. युगं लोटली तरी जिथल्या तिथे, जसाच्या तसा. एवढं बोलून भास्कररावांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. उचलताना 'चर्र' असा आवाज झाला. मूठ चिकटली होती.

टेबलावरचं ते दुधी रंगाचं, गुलाबाच्या फुलांचं प्लास्टिक त्यांनी स्वतः रायपूरच्या गोल बाजारातून आणलं होतं. कुमुदताईंना साधा सुती टेबलक्लॉथ हवा होता. पण भास्करराव रसायनशास्त्राचे एम.एस्सी., त्यातून पर्यावरणाच्या खात्यात. राज्याची वाटणी झाली तेव्हा भोपाळहून काही खुर्च्या, काही कपाटं आणि भास्करराव एवढा ऐवज छत्तीसगडच्या वाट्याला आला होता. नव्या राजधानीत पाऊल ठेवताच त्यांनी प्लास्टिकच्या पुनर्वापरावर एक जाडजूड टिपण लिहिलं. तेव्हा घरात प्लास्टिक यायचंच, तर ते जुन्या चपला आणि वायरींची सालं वितळवून केलेलं यावं, हा तत्त्वाचा प्रश्न होता.

"चपलांचा वास येतो हो," कुमुदताई तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"तो पुनर्जन्माचा वास आहे," भास्करराव म्हणाले होते.

टेबल मात्र त्यांचं नव्हतं. ते घरमालकांचं, म्हणजे ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यात तीन पिढ्या मुरलेल्या यशवंतरावांचं. किल्ली देताना त्यांनी बजावलं होतं, "हे टेबल बस्तरच्या सागाचं हाय. आमच्या आजोबानं जोडीचे दोन बनवले. एक वर माह्याकडे, एक खाली तुमच्याकडे. याच्यावर ओरखडा दिसला का घर खाली करा लागन. मंजूर?"

नामंजूर म्हणण्याची सोय नव्हती. राजधानी झाल्यापासून रायपुरात घर मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. साहेब लोक सामान ट्रकमध्ये ठेवून घरं हुडकत फिरत होते. एक अवर सचिव तर यशवंतरावांना रोज सकाळी देवळात गाठून वाकून नमस्कार करत, आणि देवाकडे पाहायचं विसरत. म्हणूनच टेबल जपायला भास्कररावांनी त्यावर प्लास्टिक अंथरलं होतं.

आता पीव्हीसी मुळात काठीसारखं ताठ. ते मऊ करायचं तर त्याला तेल पाजावं लागतं. हे तेल त्याच्या अंगी लागत नाही. ते रेणूंच्या गर्दीत अंग चोरून बसून राहतं, लग्नात बिनबोलावता आलेल्या पाहुण्यासारखं. उन्हाळा तापला की उठतं आणि शेजारच्या पंगतीत जाऊन बसतं. पुन्हा वितळवलेल्या मालात तर वरून आणखी तेल. हे सगळं भास्कररावांच्या टिपणात सविस्तर होतं. पण ते त्यांनी दुसऱ्यांच्या प्लास्टिकबद्दल लिहिलं होतं.

मे महिना होता. कुमुदताईंनी प्लास्टिकचा कोपरा नखाने उचकटून पाहिला. कोपरा हलेना.

तेवढ्यात जिन्यावरून घरमालकीणबाईंची, प्रेमलाबाईंची हाक आली. "कुमुद, हे संध्याकाळी येऊन राहिले तुमच्याकडे. टेबल पाहाले!"

कुमुदताईंनी कोपरा सोडला. "झालं. आता बांधा बिऱ्हाड. तुमच्या त्या निर्मोही बाबाने टेबलाला मिठी मारलीय."

"थंडीत पीव्हीसी ताठ होतं," भास्करराव म्हणाले. "बर्फ पाहिजे."

त्यांची कॉलेजात जाणारी लेक ज्ञानदा स्कूटीवरून उसाच्या रसवाल्याकडे गेली आणि पोत्यात गुंडाळलेली लादी घेऊन आली. "पापा, रसवाला पूछ रहा था, घर में शादी है क्या?"

"त्याला म्हणावं, घटस्फोट आहे," कुमुदताई म्हणाल्या.

लादी टेबलावर फिरू लागली. गुलाब गारठले, प्लास्टिक कडक झालं. भास्कररावांनी दोन्ही हातांनी कोपरा धरला, पाय भिंतीला टेकवला आणि ओढलं. प्लास्टिक एका दमात निघालं.

त्याच्याबरोबर बस्तरचा सागही निघाला. त्याच्या रेषा, गाठी, चकाकी, सगळं पापुद्र्यासारखं सोलून प्लास्टिकच्या पाठीला चिकटून आलं. खाली उरला भुशाचा दाबलेला पिवळट पाट.

"अहो, साग सोलला गेला!"

"पापा, ये लकड़ी नहीं है. प्लास्टिक है."

भास्कररावांनी तांब्याची तार गॅसवर लाल केली, पापुद्र्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. "क्लोरीन!" ते आनंदाने ओरडले. "कुमुद, हेही पीव्हीसीच!"

"आजोबांच्या काळात बस्तरात त्याची झाडं होती का?"

दारात यशवंतराव उभे होते. त्यांनी टेबल पाहिलं, पापुद्रा पाहिला, मग जिन्याकडे पाहून हलकेच दार लोटलं.

"प्रेमलाले सांगू नका."

"पण हा साग..." भास्कररावांनी सुरुवात केली.

"आजोबाचं टेबल एकच होतं. जोडी दिसावी म्हणून म्या हे बनवून घेतलं. साग म्हटलं का भाडेकरू ताट सावकाश ठेवते."

कुमुदताईंनी पदर खोचला. "म्हणजे आता घर खाली करायला नको ना?"

"काहून खाली करता? राहा ना आरामात! हव, राहा." यशवंतराव खुर्चीत बसले. "मी तं दुसऱ्याच कामानं आलो होतो. भास्करराव, तुमच्या सांगण्यावरून प्रेमलानं हेच गुलाबाचं प्लास्टिक वरच्या टेबलावर टाकलं. ते निघूनच नाही राहिलं. म्हटलं, तुमचं कसं हाय ते पाहावं. तुम्ही शिकेल माणूस, काही तरकीब सांगा."

"पाच मिनिटांचं काम!" भास्कररावांनी उरलेला बर्फ उचलला.

कुमुदताईंनी त्यांची बाही धरली. "अहो, वरचं खरं आहे म्हणतायत ते."

"कुमुद, पद्धत सिद्ध झालेली आहे."

वर प्रेमलाबाईंनी कौतुकाने जागा करून दिली. भास्कररावांनी पीव्हीसीच्या स्वभावावर थोडं प्रास्ताविक केलं, बर्फ फिरवला, पाय भिंतीला टेकवला आणि ओढलं.

वरचं टेबल बस्तरच्या सागाचंच होतं. आजोबांच्या वेळचं पॉलिश तेवढं प्लास्टिकबरोबर निघून आलं. जिथे राहिलं, तिथे गुलाबाची फुलं उमटली होती.

महिनाअखेरीस भास्कररावांनी शहराच्या पार टोकाला, टाटीबंधला भाड्याने घर घेतलं. तिथे पाणी एक दिवसाआड येतं.