खोटं पाणी सोडणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि थापा मारायच्या कामावर मला नेमलेलं आहे. तुम्हाला शाळेत खरं बोलायला शिकवतात, ते योग्यच आहे. मला मात्र उतारवयात खोटं बोलायला शिकवलं, आणि तेही एका शिकल्यासवरल्या बाईंनी. म्हणून माझी हकीकत ऐकताना मधेमधे डोळे बारीक करून बघितलंत, तरी मला राग येणार नाही. पण आमच्या पंपावरचा सोमलिंग पाण्याच्या टाकीत उतरला होता, तेवढं खरं धरून चाला.

माझा जन्म सोलापुरात, नव्या पेठेतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. पडदा एका कंपनीचा, पंखा दुसरीचा, आणि डबा कुणाचा ते जोडणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. शहराच्या कडेला मोरपंख नगर नावाची वसाहत आहे. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने मला विकत घेतलं, हळदकुंकू वाहिलं, आणि नारळ माझ्याच डोक्यावर फुटता फुटता राहिला.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते आलं की लोक भांडी भरतात आणि आलं नाही की फोन करतात. ते फोन कचेरीतल्या खातूनबी घ्यायच्या आणि तक्रारी माझ्या पोटात भरायच्या. उन्हाळ्यात माझा पंखा असा गरजायचा, की शेजारच्या यंत्रमागवाल्याला वाटायचं, आपल्यापेक्षा जास्त माग कुणी लावले? माझ्या पाठीमागच्या गरम हवेवर खातूनबींनी एकदा कुरडया वाळवल्या. खोटं वाटतं? बरं, पापड होते.

'असलं मशीन पुन्हा होणार नाही,' असं म्हणत सगळ्यांनी मला वर्षानुवर्षं राबवलं. मग एक दिवस चकचकीत नवं यंत्र आलं. टाकीत पाणी घेणारा व्हॉल्व्हही आपोआप उघडणारा झाला. कचेरीत बसून बटण दाबायचं, माळावरच्या टाकीत पाणी सुरू. संस्थेचे सचिव सुबोधराव इतके खूश झाले, की व्हॉल्व्ह हाताने फिरवायचं लोखंडी चाक त्यांनी भंगारात दिलं. मला भंगारवाल्याने घेतलं नाही. मी जिन्याखाली, ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांमागे जाऊन बसलो. कोळ्यांनी माझ्यात इतकं विणकाम केलं, की सोलापुरी चादर निघाली असती.

आता सुबोधरावांनी काय केलं ते ऐका. 'पाणी कधी?' या प्रश्नाने ते वैतागले होते. 'उद्या' म्हटलं तरी कुणी विश्वास ठेवत नसे. म्हणून त्यांनी नव्या यंत्राची लिंकच रहिवाशांच्या ग्रुपवर टाकली. टाकी किती भरली ते ज्याचं त्याने बघावं. त्या लिंकवरून टाकी दिसायची, तसा व्हॉल्व्हही उघडायचा, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एका ग्रुपवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, असं करत आमच्या पाण्याची किल्ली जगभर हिंडली.

ती लिंक श्रावणीच्या आईच्या फोनवरही आली. श्रावणी पुण्यात संगणकात शिरणाऱ्या चोरांवर संशोधन करते; तेव्हा ती आईकडे राहून काम करत होती. ती धावत कचेरीत आली.

"काका, हे तुम्ही ग्रुपवर टाकलंत?"

"लोकांची सोय," सुबोधराव म्हणाले.

"चोरांचीही झाली की."

तिने लिंक बंद केली. पण व्हॉल्व्हच्या डब्याचं कुलूप, म्हणजे त्याचा पासवर्ड, बदलायला कंपनीचा माणूस पुण्याहून यायचा होता, आणि तो आज येतो, उद्या येतो म्हणत होता. तोवर काय? श्रावणीची विचार करायची तऱ्हा वेगळी. सगळे भिंती उंच करतात. ती म्हणायची, चोर भिंत चढणारच असेल, तर शेजारी एक खोटं घर बांधू, त्याला आत बोलावू, आणि दमेपर्यंत गप्पांत गुंतवू. तिच्या वरिष्ठांनी विचारलं होतं, "म्हणजे तू संशोधनात थापा मारणार?" ती म्हणाली, "हो सर. नीट अभ्यास करून."

या थापांसाठी तिने मला जिन्याखालून काढलं. माझ्या पोटात एक खोटी टाकी काढली, खोटे पाइप, खोटा व्हॉल्व्ह, आणि खाली येणाऱ्या तक्रारींची पट्टी. जुनी लिंक माझ्याकडे वळवली. कुणी बटण दाबलं की मी म्हणायचो, उघडला. उघडायला होतं काय? माझ्या पोटात पाण्याचा थेंब नाही.

पहिला चोर आला आणि लगेच निघून गेला. श्रावणीने मी दाखवलेले आकडे पुन्हा पाहिले आणि कपाळावर हात मारला. "मी याला रोज पाणी सोडायला लावलंय. पुण्यात राहून सवयच गेली."

मग सगळ्यांनी मिळून मला नीट बिघडवलं. खातूनबींनी जुन्या तक्रारी घातल्या. पंपावरचा सोमलिंग येऊन म्हणाला, "ताई, दुपारी लाइट घालवा की जरा. आन् मीटरचा काटा अडकू द्या. आमचा लई अडकतो." मी असा छान मोडका झालो, की स्वतः सुबोधरावांनी एकदा माझ्याकडे बघून दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

चोर येऊ लागले. मी त्यांना खेळवू लागलो. मला वाटलं, म्हातारपण मजेत जाणार.

मग एप्रिलमधला तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी पाणी यायचं होतं. पाण्याच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी असते, म्हणून तेव्हाच ती आतून धुवायची आमची पद्धत आहे. सोमलिंगचा जोडीदार मोहोळला लग्नाला गेला होता. सोमलिंग एकटाच खराटा आणि बादली घेऊन शिडीने खाली उतरला. मोबाइल शर्टाच्या खिशात होता आणि शर्ट वर, झाकणापाशी. पलीकडे जाड पाइपात उद्याचं पाणी येऊन व्हॉल्व्हला टेकलं होतं.

श्रावणी माझी तपासणी करत होती. तिची नजर शेजारच्या नव्या यंत्राकडे गेली. त्याच्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकत होता.

"आपा, तुम्ही हात लावलात?"

"मी भाकरी खातेय, पोरी," खातूनबी म्हणाल्या.

बाण व्हॉल्व्हच्या चित्रापाशी जाऊन थांबला. लिंक हिंडत होती, तेव्हाच कुणीतरी खऱ्या दाराची किल्ली उचलून ठेवली होती.

"सोमलिंग कुठाय?" श्रावणीने विचारलं.

खातूनबींचा घास हातातच राहिला.

सुबोधराव उठले. "वायर काढतो."

"काढून उपयोग नाही, काका. व्हॉल्व्हच्या डब्यात वेगळं सिमकार्ड आहे. इथलं तोडलं तर हा थेट त्याच्याशी बोलेल. हाताचं चाक असतं तर... तुम्ही स्कूटर काढा. जा."

खुर्चीतून उठताना नेहमी कण्हणारे सुबोधराव पायऱ्या उतरताना मला दिसलेसुद्धा नाहीत. खातूनबींनी सोमलिंगला फोन लावला. माळावर, उन्हात, एका शर्टाच्या खिशात तो वाजत राहिला.

आता मित्रांनो, सगळा भार माझ्यावर आला. त्या चोराला धिंगाणा हवा होता, हे श्रावणीने ओळखलं. तिने माझ्या टाकीचं नाव बदलून 'मुख्य टाकी, संपूर्ण वसाहत' असं केलं आणि मला त्याच पडद्यावर त्याच्यासमोर ढकललं. मोठी टाकी बघून बाण थबकला. खऱ्या व्हॉल्व्हवरून उठला. माझ्याकडे आला.

त्याने बटण दाबलं. मी म्हणालो, उघडला. त्याने तो पूर्ण उघडायला लावला. मी पाणी चढवलं, काठापर्यंत आणलं, बाहेर सांडलं. एवढं पाणी उजनी धरणानेही कधी पाहिलं नसेल.

"आपा, तक्रारी लिहा. आत्ता येताहेत अशा."

खातूनबींची बोटं माझ्या कळांवर धावली. *रस्त्यावर गुडघाभर पाणी. दुकानात शिरलं, चादरींचे गठ्ठे भिजले. कुणी आहे का तिथे?* चोर खूश झाला असावा. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, उघडला, परत बंद केला. आणि तिथे माझं चुकलं. त्याने बंद म्हटल्याबरोबर माझं पाणी जिथल्या तिथे थांबलं. खरं पाणी असं ऐकत नाही. ते बंद केल्यावरही थोडा वेळ वाहतं.

बाण थांबला. मग हळूहळू, विचार करत असल्यासारखा, खऱ्या टाकीकडे निघाला.

"गेला," श्रावणी पुटपुटली. "आपा, काहीतरी लिहा."

"काय लिहू?"

"काहीही. रोज जे ऐकता ते."

खातूनबींनी क्षणभर डोळे मिटले आणि लिहू लागल्या. *तुम्ही बंद केलं म्हणता, मग माझ्या न्हाणीत पाणी कसं येतंय? मागच्या वेळीही असंच म्हणालात. आमच्या गल्लीला नेहमी शेवटी टाकता. ती समोरची बाई मोटर लावून ओढते, तिला कुणी बोलत नाही. तुमचा तो सोमलिंग कुठे असतो? सारखा चहाला जातो. त्याला पाठवून द्या. आत्ताच्या आत्ता*

'आत्ता' लिहून त्यांची बोटं थांबली. त्यांनी पदर तोंडाला लावला.

बाण वळला. बहुधा असं भांडण यंत्राला सुचत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तो माझ्याकडे परत आला, आणि या खेपेला मी पाणी सावकाश ओसरवलं, थेंब थेंब, अडकत अडकत. मीटरचा काटा मधेच अडकवला. माझा पंखा असा ओरडत होता, की श्रावणीने माझ्या पाठीवर ओला रुमाल ठेवला. जिन्याखालची धूळ आतून जळत होती. बंद पडलो असतो तर मला कुणी नावं ठेवली नसती. पण मी चालत राहिलो. ही थाप नाही.

तो किती वेळ रमला, मला सांगता येणार नाही. मग कंटाळला. काही न बोलता माझ्यातून निघाला, सरळ खऱ्या व्हॉल्व्हवर गेला आणि दाबून मोकळा झाला. शेजारच्या पडद्यावर निळा दिवा लागला. टाकी भरू लागली.

खातूनबी मोबाइलकडे बघत बसल्या.

तो वाजला. सोमलिंगचं नाव आलं. श्रावणीने तो उचलला आणि आवाज मोठा केला. आधी पाण्याचा धो धो आवाज आला. मग कुणाच्या तरी धापा. मग सोमलिंग.

"आपा, ह्ये साहेब लई वरडाया लागले, म्हून वर आलो. पाय काढला न्हाय तोवर खाली धबधबा की. माझा खराटा ग्येला. साहेब हितं बसल्यात. त्यांच्यानं बोलवंना झालंय. त्यांना पाणी पाजतो."

मित्रांनो, पुण्याचा माणूस शेवटी आला आणि कुलूप बदललं. भंगारात गेलेल्या चाकाच्या जागी सुबोधरावांनी नवं चाक बसवून घेतलं, आणि आता ते स्वतः महिन्यातून एकदा ते फिरवून बघतात. टाकीत कुणी एकटं उतरत नाही. माझ्या पोटातली धूळ श्रावणीने मऊ ब्रशने काढली. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे: घराची किल्ली आपण चौकात टांगत नाही, तशी ही न दिसणारी किल्लीही टांगू नका. जुनं काही फेकण्याआधी, ते नसलं तर कुणाचं अडेल, हे एकदा विचारा. आणि आम्हा यंत्रांना अधूनमधून पुसत जा. आम्ही मागत नाही.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पाणी सुटलं. पहिलाच फोन आला. बाई तावातावाने म्हणत होत्या, पाणी गढूळ आहे, टाकी धुतलीच नाही का?

"अर्धीच धुतली," खातूनबी म्हणाल्या. "गाळून भरा, बाई. धुणारा माणूस वर आलाय."